अमेरिकेचा आरोग्यविमा कायदा आणि राष्ट्राध्यक्षांचे अधिकार

काका: ओबामांचा आरोग्यविमा कायदा २०१० मध्ये अमेरिकी संसदेने संमत केला होता, तर मग त्यातील तारखा राष्ट्राध्यक्षांना परस्पर कशा बदलता आल्या? आपल्याकडील अध्यादेशासारखा काही अधिकार त्यांना आहे का?

ताई (न्यू जर्सी): नाही काका, वादाचे मूळ तिथेच आहे. आपल्याकडचा अध्यादेश संसदेपुढे ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी न मिळाल्यास तो संपुष्टात येतो. येथे मात्र अंमलबजावणी लांबवण्याचा निर्णय संसदेपुढे गेलाच नाही. पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकांनी विमा द्यावा, अन्यथा दंड भरावा, ही तरतूद २०१४ पासून लागू व्हायची होती. जुलै २०१३ मध्ये अर्थखात्याने ती वर्षभर पुढे ढकलली आणि पुढे मध्यम आस्थापनांना २०१६ पर्यंत सूट दिली.

दादा: व्यावसायिकांची तयारी झालेली नसताना मुदत देणे शहाणपणाचेच होते. नवा करनियम लागू करताना अशी सवलत देण्याची अर्थखात्याची जुनी प्रथा आहे, हा सरकारचा युक्तिवाद मला पटतो.

ताई: दादा, मुदत योग्यच होती; ती कोणी द्यायची, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, हीच मुदतवाढ देणारे विधेयक संमत केले, तेव्हा ओबामांनी नकाराधिकाराचा इशारा दिला. तिथे बहुमत असलेल्या विरोधी रिपब्लिकन पक्षाला हा कायदाच नको होता, हे खरे. तरीही संसदेचा मार्ग उपलब्ध असताना तो नाकारणे मला, या कायद्याची समर्थक असूनही, अत्यंत धोक्याचे वाटते. कमी उत्पन्नाच्या रुग्णांवरील उपचारखर्चाचा भार हलका करण्यासाठी विमा कंपन्यांना दिली जाणारी रक्कमही संसदेच्या मंजुरीविनाच दिली जात होती. २०१६ मध्ये संघीय न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ती थांबवली. संसदेने रीतसर मंजूर केलेला पैसा असता, तर तो एका निर्णयाने असा बंद करता आला नसता.

काका: मग त्या रुग्णांची सवलत गेली का?

ताई: नाही काका, ती कायद्यातच असल्यामुळे कंपन्यांना द्यावीच लागली. तूट भरून काढण्यासाठी त्यांनी हप्ते वाढवले. हप्त्यासाठी सरकारी अनुदान मिळणाऱ्यांचे अनुदान हप्त्याबरोबर वाढले, परंतु ज्यांचे उत्पन्न अनुदानाच्या मर्यादेहून थोडेसेच अधिक होते, अशा अनेक कुटुंबांना ती वाढ स्वतःच्या खिशातून भरावी लागली.