आपत्तीचं नियोजन, बचाव, पुनर्वसन: सगळं एकाच खात्याकडे का नाही?

प्रश्न: वाचून डोकं गरगरतंय. २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आलं, अध्यक्ष पंतप्रधान. मग पुरात होड्या घेऊन उतरणारं एनडीआरएफ वेगळं कशाला?

उत्तर १: प्राधिकरण धोरण आणि मार्गदर्शक सूचना ठरवतं. एनडीआरएफ हे प्रत्यक्ष काम करणारं दल, त्यात निमलष्करी दलांतले जवान प्रतिनियुक्तीवर येतात. पण तुम्ही दिल्लीकडेच बघताय. खरी पहिली धावपळ जिल्हा प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची.

उत्तर २: एकाच छत्राखाली आणण्याचा प्रयोग अमेरिकेने १९७९ मध्येच केला, विखुरलेली कामं गोळा करून फेमा ही आपत्ती व्यवस्थापन संस्था उभी केली. २००३ मध्ये ती अंतर्गत सुरक्षेच्या नव्या खात्यात गेली. तिथे सगळा भर दहशतवादावर, वादळं मागे पडली. २००५ ला कतरिना चक्रीवादळ आलं आणि अब्रू गेली. २००६ च्या कायद्याने तिचे अधिकार वाढवावे लागले. त्यामुळे खाती एक की तीन हा वाद मला दुय्यम वाटतो. हुकूम कोणाचा चालतो ते आधी बघा.

उत्तर ३: पुनर्वसन सगळे विसरलात! (नेहमीचंच.) ते वर्षानुवर्षं चालतं, बचाव पथकाचं ते कामच नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानने २०१२ मध्ये स्वतंत्र पुनर्बांधणी संस्था काढली. न्यूझीलंडनेही क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर काढली, २०१६ मध्ये बंद केली.

प्रश्नकर्ती: बंद केल्यावर उरलेली कामं कोणाकडे?

उत्तर ३: इतर सरकारी खाती, नव्या संस्था आणि स्थानिक परिषदेकडे वाटली.