चादर इथली, कंपनी तिथली: परदेशात ऑनलाइन दुकान काढलेल्यांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमच्या दाजींचे बारा माग आहेत. टॉवेल काढतात. भाचा इंजिनिअर होऊन आला आणि तीन महिने झाले, घरात दुसरा विषय नाही. "मामा, अमेरिकेत कंपनी काढू, तिथंच ऑनलाइन विकू, मधला व्यापारीच नको." कुठल्याशा व्हिडिओत त्यानं ऐकलंय की कंपनी दहा मिनिटांत होते. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, दहा मिनिटांत पासबुक भरून दिल्याचं मला आठवत नाही.

म्हणून हा धागा. बाहेरच्या देशात ज्यांनी खरोखर दुकान थाटलं त्यांनी लिहावं. किती पैसे गेले, कुठं अडलं, काय चुकलं. "झेप घ्या, आकाश तुमचंच" छापाचं नको. आणि कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर नाव न घेता द्या.

जकार्ड

केलंय, म्हणून लिहितो. २०२१ ला अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एलएलसी काढली, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. वायोमिंगच का, तर डेलावेअरला एलएलसीला वर्षाला ३०० डॉलर ठोक कर आहे आणि वायोमिंगला कमीत कमी ६० डॉलरमध्ये भागतं. एवढंच कारण. वायोमिंग नकाशावर कुठं आहे ते कंपनी झाल्यावर बघितलं.

कंपनीचा कागद खरंच दोन दिवसांत आला. भाच्याला सांगा, व्हिडिओवाला खोटं बोलत नाही, फक्त तिथंच थांबतो. पुढं ईआयएन लागतो, म्हणजे तिकडचा कराचा नंबर. तुमच्याकडं अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तो ऑनलाइन मिळत नाही. एसएस-४ नावाचा फॉर्म भरायचा आणि फॅक्स करायचा. होय, फॅक्स. नव्या पेठेत मी अख्खी दुपार फॅक्स मशीन शोधत फिरलो. शेवटी एका झेरॉक्सवाल्याकडं सापडलं. त्यानं त्यावर सिद्धेश्वरांचा फोटो ठेवून हार घातला होता. फोटो उतरवला, फुंकर मारली, धूळ उडाली आणि मशीन चालू झालं. माझा अमेरिकेतला व्यवसाय तिथून सुरू झाला.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. मालक परदेशी आणि एकटाच असेल तर त्या एलएलसीला दरवर्षी फॉर्म ५४७२ द्यावा लागतो, म्हणजे मालक आणि कंपनीतल्या व्यवहारांची माहिती, सोबत नावापुरता ११२०, म्हणजे कंपनीच्या कराचा फॉर्म. विक्री शून्य असली तरी तुम्ही कंपनीत टाकलेले पैसे हाच व्यवहार धरतात. नाही दिला तर दंड २५,००० डॉलर. माझी पहिल्या वर्षाची एकूण विक्री ११०० डॉलर होती. मला हे कळलं मार्चच्या शेवटी, मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत. आणि हा फॉर्मसुद्धा ऑनलाइन जात नाही, टपालानं नाहीतर फॅक्सनं. परत सिद्धेश्वरांचा फोटो उतरवला.

मालाचं वेगळंच. ज्या ऑनलाइन बाजारावर विकणार, त्या मार्केटप्लेसच्या गोदामात टॉवेल ठेवायचे म्हणून दोन खोकी पाठवली. कस्टमच्या कागदावर आयातदार कोण, तर मी गोदामाचं नाव लिहिलं. ते आयातदार होत नाहीत. परदेशी माणसानं स्वतः आयातदार व्हायचं, कस्टमचा बाँड, म्हणजे ड्युटीची हमी, घ्यायचा, तिथं एजंट नेमायचा. खोकी बंदरावर पडून. भाडं चढत गेलं आणि टॉवेलच्या किमतीपुढं गेलं, मग मी माल सोडून दिला. ८० टॉवेल, चौरस मीटरला ५५० ग्रॅमचे, डबल धाग्याचे. आजही डोळ्यांपुढं येतात.

धागाकर्ता

जकार्ड, जुनी खोड म्हणून विचारतो. कंपनीत पैसे इथून कसे पाठवले?

जकार्ड

चुलतभाऊ न्यू जर्सीला आहे. त्यानं कार्डावर भरले. मी त्याला इथं दिले.

ताळेबंद

मी सीए आहे, सात रस्त्याजवळ ऑफिस. वरचं वाचून हातातला चहा खाली ठेवला.

असं करू नका. भारतात राहणाऱ्यानं परदेशी कंपनीत भांडवल घातलं की ती परदेशी गुंतवणूक. २०२२ च्या ऑगस्टपासून त्याचे नवे नियम आहेत. पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी द्यायचा, रिझर्व्ह बँकेकडून त्या गुंतवणुकीचा यूआयएन नंबर घ्यायचा, मग पैसे. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्यापैकी कुणाला आड येणार नाही. आड येतो तो कागद. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत त्या कंपनीचा अहवाल बँकेला द्यायचा. आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा रकाना, भरायचं, कंपनी तोट्यात असली तरी आणि खात्यात चार डॉलर असले तरी. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख दंड होऊ शकतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून जमीन-घर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण रकाना भरायचाच.

शाखेत जाऊन "फॉर्म एफसी" म्हणालात तर काउंटरवरचा पोरगा तुम्हाला एफडीचा फॉर्म देईल. त्याचा दोष नाही, सोलापुरात असे कितीजण येतात? परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेत जा.

आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारा, कंपनी लागतेच का? माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठांना लागत नाही. इथल्याच फर्मवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढा, फी ५०० रुपये. जीएसटीत एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्या, म्हणजे निर्यातीवर कर आधी भरून परत मागायची भानगड नाही. बऱ्याच मार्केटप्लेसवर भारतीय फर्मला बाहेर विकता येतं. कुरियरनं पाठवताना सीएसबी-५, म्हणजे कुरियरचं शिपिंग बिल, करून पाठवा, म्हणजे ती कायदेशीर निर्यात धरली जाते. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रंही आहेत. हे सांगितलं की पोरांचं तोंड उतरतं, कारण "माझी यूएसमध्ये कंपनी आहे" असं म्हणता येत नाही.

लालपांढरा

एकच लिहितो. फोटो नीट काढा. आमचा टॉवेल मरून, फोटोत टोमॅटो. सात परत आले. परत म्हणजे काय, परत आणायचा खर्च टॉवेलपेक्षा जास्त, म्हणून "राहू द्या तुमच्याकडेच" म्हणालो. मग एकीनं मैत्रिणीला सांगितलं आणि मैत्रिणीनंही रंगाची तक्रार केली. लई हुशार लोक बे.

कडकभाकरी

माझं खाण्याचं आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी. नणंद ब्रिटनमध्ये लेस्टरला, तिच्या घरच्या पत्त्यावर २०२३ मध्ये लिमिटेड कंपनी काढली. तेव्हा १२ पौंडांत झाली. २०२४ च्या मेमध्ये ५० झाले, नंतर अजून वाढले. डायरेक्टर तिथं राहणारा नसला तरी चालतं, पण ऑफिसचा पत्ता तिथलाच आणि खरा लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. झालं असं, की सरकारी पाकिटं सगळी नणंदेच्या दारात. दर पाकिटाला नंदावे फोन करणार, "वहिनी, अजून एक आलंय, खाकी." त्यांचा आवाज ऐकूनच मला घाम फुटायचा.

व्हॅटमध्ये, म्हणजे तिथल्या विक्रीवरच्या करात, मी गाढवपणा केला. वाचलं होतं की ८५ हजार पौंडांच्या आत व्हॅट नाही (आता ९० हजार). ती सवलत तिथं बसून धंदा करणाऱ्याला. नुसता पत्ता तिथं आणि निर्णय घेणारी मी इथं विजापूर रोडला, मग तिथं ठेवलेल्या मालाला पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. हे मला सहा महिन्यांनी कळलं. तिथल्या हिशेबनिसानं पत्र लिहून निस्तरलं, त्याची फी त्या वर्षाच्या फायद्याएवढी.

पण चटणीनं खरं रडवलं. शेंगदाण्याला बुरशीचं एक विष धरतं, ॲफ्लाटॉक्सिन. युरोप आणि ब्रिटनमध्ये थेट खायच्या दाण्यात एकूण ४ मायक्रोग्रॅम किलोमागे, त्यावर नाही. अमेरिकेत हीच मर्यादा २० आहे. भारतातून येणाऱ्या शेंगदाण्यावर तिकडं जास्तीची तपासणी असते. आमच्या चटणीला डोळ्यांनी बघून, नाकानं वास घेऊन दाणे निवडायची सासूबाईंची पद्धत. चाळीस वर्षं कुणाला काही झालं नाही. प्रयोगशाळेतून अहवाल आला, ९. सासूबाई म्हणाल्या, "मशीन बिघडलं असेल." दुसऱ्या दाण्याचा आला ३. म्हणजे प्रत्येक घाण्याला तपासणी, आणि एका तपासणीचा खर्च वीस पाकिटांच्या फायद्याएवढा. चटणी बंद केली.

आता फक्त भाकरी पाठवते. पहिल्या खेपेला आडव्या ठेवल्या होत्या, लेस्टरला पोचेपर्यंत भाकरीचा चिवडा झाला. आता पत्र्याच्या गोल डब्यात उभ्या लावते, रेकॉर्डच्या तबकड्यांसारख्या, दर पाचांमागं पुठ्ठा. शंभरात चार तुटतात.

ताळेबंद

कडकभाकरी ताई, शेड्यूल एफए भरता ना?

कडकभाकरी

भरते हो दादा. शपथ घेऊ का?

पूर्वभागकर

आमच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि आता पाकिटावर जर्मन. आजोबांचा हातमाग, वडिलांचे यंत्रमाग, माझं लॅपटॉप. चादरी.

मी एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली. २०१४ पासून ती योजना आहे. गैरसमज नको, त्यानं व्हिसा मिळत नाही, तिथं राहता येत नाही. एक कार्ड मिळतं, त्यानं लांबून सह्या करता येतात. कार्ड दिल्लीच्या दूतावासातून घ्यायचं, बोटांचे ठसे देऊन. कर्नाटक एक्सप्रेसनं गेलो, कार्ड घेतलं, त्याच गाडीनं परत. कंपनी झाली. बँक खातं मात्र पाच महिने झालं नाही. दर वेळी तोच प्रश्न, "एस्टोनियाशी तुमचा संबंध काय?" काय सांगणार, काही नाही.

गिऱ्हाईक जर्मनीतलं. तिथं पहिलं पार्सल पाठवायच्या आधी पॅकिंगची नोंदणी लागते, लुसिड म्हणतात. तुमच्या पुठ्ठ्याच्या आणि प्लास्टिकच्या कचऱ्याचे पैसे तुम्ही आधी भरायचे. आम्ही इथं तोच पुठ्ठा भंगारवाल्याला विकतो. दीडशे युरोपर्यंतच्या पार्सलला आयओएसएस या युरोपच्या नोंदणीनं व्हॅट आधीच भरता येतो, २०२१ च्या जुलैपासून, ती सोय चांगली आहे. मग २०२४ च्या १३ डिसेंबरपासून नवा नियम आला. मालावर युरोपातल्या जबाबदार माणसाचं नाव आणि पत्ता पाहिजे. माझ्याकडं नव्हता. सकाळी उठून बघितलं तर सगळा माल यादीतून गायब, नाताळच्या तोंडावर. आता पैसे देऊन एक प्रतिनिधी ठेवलाय.

मोराची चादर तिथं अंगावर घेत नाहीत. सोफ्यावर टाकतात नाहीतर भिंतीला लावतात. हे कळल्यावर मी मापं बदलली आणि वजन कमी केलं. वडिलांना भिंतीवरच्या चादरीचा फोटो दाखवला. खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "किनार उलटी लावलीय."

पेठेतला

सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे ना? मग बाहेर दुसरं कुणी ते नाव कसं लावतं?

पूर्वभागकर

जीआय भारतात चालतो. प्रत्येक देशात संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. ट्रेडमार्कचंही तेच. मी माझा ट्रेडमार्क युरोपात घेतला. "सोलापुरी" या शब्दासाठी एकटा माणूस काही करू शकत नाही, ते सगळ्या कारखानदारांनी मिळून करायचं काम आहे. मिळून म्हणजे, तुम्हाला माहीत आहेच.

देऱ्यातला गडी

दुबई. फ्री झोनचं लायसन्स. कंपनी पूर्ण तुमच्या नावावर, व्हॅट ५ टक्के, ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर. ऐकायला गोड. पण लायसन्स दरवर्षी नवं करायचं, धंदा होवो न होवो. माझं तिसऱ्या वर्षी लायसन्सच नफा खाऊन बसलं. दुकान बंद करालाव. गड्ड्याच्या जत्रेला येतो, तेव्हा बोलू.

दोनसुती

मी कंपनी न काढता अमेरिकेला सुटी पार्सलं पाठवायचो, ताळेबंद म्हणतात तसं. आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलला ड्युटी नव्हती, सगळा धंदा त्यावर. २०२५ च्या २९ ऑगस्टला ती सवलत संपली. दोन दिवस आधी भारतीय मालावरचं जास्तीचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं. पोस्टानंही २५ तारखेपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, ते ऑक्टोबरात परत सुरू झालं. गणपतीचा तो आठवडा. माझी ३१ पार्सलं पत्ते चिकटवून तयार होती, दिवाळीच्या ऑर्डरी. ती उघडून लेबलं सोलत बसलो, बायको आणि मी, बाहेर ढोल.

तेव्हा वाटलं होतं, जकार्डसारखी कंपनी असती, माल आधीच तिथल्या गोदामात असता तर वाचलो असतो. त्यामुळं भाच्याला सरसकट "नको" म्हणू नका. दर मात्र माल पाठवायच्या दिवशी बघायचा, व्हिडिओत सांगितलेला नाही.

जकार्ड

दोनसुती, माझा माल बंदरावर होता, गोदामात नव्हे. पण मुद्दा बरोबर. मी कंपनी अजून बंद केलेली नाही. कागद सगळे ताळेबंदांच्या ऑफिसात नेऊन दिले, जुनं निस्तरायचं चाललंय. आधी ओरडले, मग चहा दिला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. वाचून झाल्यावर पहिलं वाक्य, "मामा, दुबईचं सोडून देऊ." दुसऱ्या दिवशी दाजींच्या फर्मवर आयईसीचा अर्ज केला. ५०० रुपये मी भरले. आता टॉवेलचे फोटो काढणं चाललंय, गच्चीवर, सकाळी आठच्या उन्हात. मरून रंग अजून टोमॅटोच येतोय.

जकार्ड, त्या झेरॉक्सवाल्याचा पत्ता तेवढा कळवा. कशाला ते विचारू नका.

जकार्ड

ते दुकान गेलं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. सिद्धेश्वरांचा फोटो आहे अजून, गल्ल्यावर.