पुन्हा: पुन्हा: ३१ तारीख, वेताळाची स्वारी – पालखी मिळणार की नाही?

प्रेषक: सांस्कृतिक विभाग
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

मंडळी,
न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या हॅलोविन परेडला दहा दिवस राहिले आणि पालखीचं अजून नक्की नाही. नाना, काल दोनदा फोन केला, लागला नाही, म्हणून इथेच विचारते.

१८ जण पक्के झालेत. मुंजे ४, हडळी ५, खवीस २, चकवा १, बाकी ६ मशालवाले. मध्ये वेताळाची पालखी, असं ठरलं होतं. मशाली बॅटरीच्याच घ्यायच्या आहेत, महिनाभर पावसाचा थेंब नाही आणि त्या गर्दीत जाळ घेऊन कोणी शिरू देणार नाही.

नवीन लोकांसाठी: व्हिलेजची परेड संध्याकाळी सातला सुरू होते. सोंग घेतलेल्यांची रांग कनाल स्ट्रीटच्या बाजूला सिक्स्थ अव्हेन्यूवर लागते. नाव नोंदवावं लागत नाही, पण सोंग हवंच. साध्या कपड्यांत आलात तर कठड्याबाहेर उभं राहून बघावं लागेल. २०१२ला सँडी वादळामुळे परेड रद्द झाली, २०२०ला कोविडमुळे. यंदा तसलं काही नाही, आपली अडचण एवढीच की पालखी नानांच्या गॅरेजमध्ये आहे. बुधवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: नाना (एडिसन)

फोन चार्जिंगला होता.
पालखी गणपतीची आहे. विसर्जनानंतर मी स्वतः पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून वर टांगून ठेवली आहे. ज्या पालखीत बाप्पा बसतात तिच्यात वेताळ बसवायचा हे मला पटत नाही, आणि बैठकीत मी हो म्हणालो असं कोणी म्हणत असेल तर मी त्या वेळी चहा आणायला गेलो होतो.

दुसरं, दांडी साडेनऊ फुटी आहे. ती न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनच्या डब्यात कशी घालणार? व्हॅन घेऊन गेलात तर त्या रात्री तिकडे रस्ते बंद, लावणार कुठे? आणि शिवजयंतीला नेली तेव्हा कळस वाकवून आणला, ते मला कोणी सांगितलं नाही. माझं मीच बघितलं.

---

प्रेषक: खजिनदार

आपला विमा हॉलमधल्या कार्यक्रमांपुरताच आहे. रस्त्यावर पालखी पडली, कोणाला लागलं, तर मंडळाकडे पैसे नाहीत. हे नोंदवून ठेवतो.

---

प्रेषक: शिवजयंती समिती

कळस शिवजयंतीला वाकलेला नाही. आम्ही नेली तेव्हाच तो डावीकडे कललेला होता, माझ्याकडे फोटो आहेत. हवे असतील त्यांनी मला वेगळं लिहावं.

---

प्रेषक: भाऊ (वेंगुर्ला, सध्या बेयॉन)

कळसाचं नंतर बघा. मला वेताळाबद्दल बोलायचंय.

आरवलीचा वेतोबा आमचं दैवत आहे. आमच्याकडे नवस फेडायला लोक त्याला चपला वाहतात, हातभर लांब, चामड्याच्या. रात्री देव गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात असं आमची आजी सांगायची. मी लहान असताना तिने मला एक जोड उलटा करून दाखवला होता, टाचेकडचं चामडं खरंच पातळ झालेलं होतं. केळ्यांचा घड वाहून आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट सुरू झाली आहे, माझा व्हिसासुद्धा.

देशावरच्या मंडळींना वेताळ म्हणजे भुतांचा राजा, एवढंच ठाऊक असतं. त्यांचा दोष नाही. पण माझ्या देवाचा मुखवटा घालून कोणी बीअरच्या बारमध्ये उभं राहिलेलं मला चालणार नाही. हडळ करा, मुंजा करा, खवीस करा, मी स्वतः खवीस व्हायला तयार आहे. वेताळ नको.

---

प्रेषक: फोंड्याची (होबोकन)

भाऊंशी सहमत. आमच्या गोव्यातही वेताळाची देवळं आहेत, आमोण्याचं सगळ्यांना माहीत असेल.

पण सोंग आणि रात्रीचा रस्ता यांत मला काही परकं वाटत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही कधी झोपलोय? गवत, कागद, बांबू, तारा घेऊन पंधरा पंधरा दिवस नरकासुर उभा करायचा, रात्रभर रस्त्यावर ढोल, आणि पहाटे जाळून घरी येऊन आंघोळ. ते काम लहान मुलांचं नाही, पंचविशीतले मुलगेच करायचे. माझा भाऊ नोकरीला लागल्यावरही त्यासाठी रजा टाकायचा.

व्हिलेजची परेड १९७४मध्ये राल्फ ली यांनी सुरू केली, ते मुखवटे आणि बाहुल्या करणारे कलाकार. आजही तिथे माणसांच्या डोक्यावरून चालणाऱ्या प्रचंड बाहुल्या असतात, चार-पाच जण काठ्यांवर पेलतात. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आमचा वाड्यावरचा नरकासुरच आठवला आणि चक्क रडू आलं.

---

प्रेषक: माई (जर्नल स्क्वेअर)

सगळे पालखीवर बोलताहेत, तिथीकडे कोणाचं लक्ष आहे का? ३१ला लक्ष्मीपूजन आहे. पुण्याला १ तारखेला असेल, इथे ३१लाच, कारण अमावस्या आपल्याकडे त्या दिवशी सकाळी सहाच्या पुढे लागते आणि १ला सकाळी संपते. म्हणजे संध्याकाळ मिळते ती ३१चीच. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी पूजा, एकाच दिवशी. आणि तुम्ही निघालात हडळी होऊन.

---

प्रेषक: सांस्कृतिक विभाग

माई, बघितलंय मी. सूर्यास्त सहाच्या थोडा आधी आहे. पूजा सहाला घरोघरी उरकून निघालो तर जर्नल स्क्वेअरहून साडेसातपर्यंत पोहोचतो. रांग तेवढ्यात संपत नाही, गेल्या वर्षी आपण आठनंतरच हललो होतो. आणि न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना १ तारखेला दिवाळीची सुट्टी आहे, तिकडच्या आईवडिलांना उशीर झाला तरी चालेल.

लक्ष्मी घरात आली की दिवा तेवत ठेवायचा, घराला कुलूप नको, हेही कळतं. माझ्याकडे सासूबाई थांबणार आहेत.

---

प्रेषक: चिपळूणकर

एक सुचवतो. वेताळ काढा, पालखी काढा. पुढे संकासुर ठेवा.

शिमग्यात आमच्याकडे खेळे येतात त्यातला संकासुर इथे कितीजणांनी पाहिलाय माहीत नाही. अंगभर काळा वेश, डोक्यावर काळी उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरू. अंगणात शिरला की आधी आवाज येतो, मग तो दिसतो. मी सातवीपर्यंत माजघरात लपत होतो, आणि कॉलेजला गेल्यावर दोन वर्षं मीच संकासुर झालो. घुंगरांचा पट्टा जड असतो, पहिल्या दिवशी कमरेला वळ उठतात. मग कळतं की नाचताना गुडघ्यातून हलायचं, कमरेतून नाही.

मोठी माणसं सोंग घेऊन घरोघर जातात आणि पोस्त मागतात, ही आपलीच रीत आहे. इथल्या हॅलोविनला उसनं काय म्हणायचं? पट्टा माझ्याकडे आहे. टोपीला काळं कापड तीन वार लागेल.

---

प्रेषक: युवा विभाग

परेडनंतर कुठे ते ठरलं का? मॅकडूगल स्ट्रीटवरच्या बारमध्ये जागा मिळणं कठीण आहे, पण थोडं पुढे चालत गेलं तर मिळते.
ओळखपत्र सगळ्यांनी आणा, चाळिशीतल्यांनीसुद्धा. गेल्या वर्षी मी चेहरा पूर्ण पांढरा केला होता, दारावरच्या माणसाला फोटो जुळेना. बाटलीतलं पाणी आणि रुमाल घेऊन फुटपाथवर अर्धा चेहरा धुतला तेव्हा आत सोडलं. या वेळी कपाळ, डोळे, नाक एवढं ओळखू येईल असंच रंगवा. आणि रस्त्यावर उघडी बाटली घेऊन फिरू नका, चालत नाही.

---

प्रेषक: माई

चहा मिळेल अशी जागा बघा. मी येणार आहे.

---

प्रेषक: सांस्कृतिक विभाग
बुधवार, २३ ऑक्टोबर

ठरलं. वेताळ नाही, पालखी नाही. भाऊ, आजीच्या चपलांचं वाचलं तेव्हाच माझं ठरलं होतं, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पुढे संकासुर, मागे बाकी सगळे. भाऊ तिसरे खवीस. माई मशालवाल्यांत, म्हणजे २०.

हडळींसाठी: उलटे पाय करायचे तर जुन्या बुटाचा पुढचा भाग कापून चालत्या बुटाच्या टाचेला शिवा, गोंदाने टिकत नाही. नऊवारी घोट्याच्या वर नेसा, नाहीतर बूट दिसणारच नाहीत. पण क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरू नका, तिथला जिना अरुंद आणि वळणाचा आहे, त्या बुटांनी पडाल. नाइन्थ स्ट्रीटलाही गर्दी असते, म्हणून फोर्टीन्थला उतरून खाली चालत येऊ. येताना वाटेत जेफरसन मार्केट लायब्ररीचा मनोरा लागतो, त्यावर मोठा कोळी चढ-उतार करतो, तो बघून घ्या. परतताना अकरानंतर पाथ होबोकनवरून फिरून येते, वेळ धरून ठेवा.

मशालींना काठ्या हव्या आहेत. कोणाकडे आहेत का?

---

प्रेषक: नाना (एडिसन)

पालखी देत नाही. पण गणपतीच्या मखराचे बांबू आहेत, सहा फुटी, आठ नग, टोकांना कापड बांधलेलं आहे. पाथमध्ये चालतील. दोन बांबूंना चीर गेली आहे, ते बाजूला काढून ठेवतो.

रविवारी अकराच्या आत या, नंतर नातवाची मॅच आहे.