मनगटी घड्याळ घ्यायचंय, स्वतःच्या आनंदासाठी. बजेट चार लाख. सल्ला हवा

औंधकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मनात असलेली खरेदी या दिवाळीपर्यंत करायची म्हणतोय. पैसे खास यासाठीच बाजूला काढले आहेत, त्यामुळे ते कुठे गुंतवावेत हा विषय इथे नको.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो एकच नाव घेतो: रोलेक्स. लांबून ओळखू येतं, लग्नकार्यात शोभतं, विकायला काढलं तरी पैसे येतात. मला मात्र घड्याळ आवडतं ते त्यातल्या कामासाठी. डायलवरची छपाई, काट्यांच्या कडा, मागच्या काचेतून दिसणारं मशीन. तरीही एवढे पैसे घालून चार लोकांत "हे कुठल्या कंपनीचं?" असं कुणी विचारलं तर मन खट्टू होईल का, हे माझं मलाच सांगता येत नाहीये.

मनगट बारीक, साडेसहा इंच. रोज फुल शर्टाच्या बाहीखाली घालणार. पोहत नाही, पण पावसाळ्यात दुचाकी असते. सध्या वडिलांची एचएमटी जनता आणि एक टायटन एज आलटून पालटून वापरतो. दोन्ही जिवापाड आवडतात.

कासवगती

जनता आणि एज दोन्ही आवडतात म्हणालात, तिथेच निम्मं उत्तर मिळालं. जनता म्हणजे चावीचं, साधं, स्वच्छ डायल. एज म्हणजे टायटनने २००२ साली १.१५ मिमी जाडीचं मशीन बनवून साडेतीन मिमीत बसवलेलं अख्खं घड्याळ. तुमचा कल पातळ आणि शांत घड्याळांकडे आहे. तेव्हा जाडजूड डायव्हर (पाण्यात बुडी मारायच्या) घड्याळांच्या वाटेला जाऊच नका, कितीही देखणी दिसली तरी.

माझं पहिलं नाव: नोमोस टँगेंटे, ३५ मिमीचं. जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावात बनतं. डायलवर 'ग्लासह्युटे' लिहायचं तर मशीनच्या मूल्यातला निम्म्याहून जास्त भाग त्याच गावात घडलेला असावा लागतो, असा तिथला नियम आहे. चावीचं मशीन, जेमतेम २.६ मिमी जाडीचं. पण तुम्ही बघा ते त्याचे काटे. तो निळा रंग दिलेला नाही, पोलाद तापवून आणलेला आहे. तापत जाताना पोलाद आधी पिवळं, मग जांभळं आणि तीनशे अंशांच्या आसपास निळं होतं, आणि नेमक्या त्या क्षणी आच थांबवावी लागते. खिडकीपाशी उभं राहून मनगट हळूहळू फिरवा. सरळ बघितलं तर काटा काळा दिसतो, उजेड पडला की एकदम निळा. मागच्या काचेतून दिसणारे निळे स्क्रूही तसेच.

दुसरं नाव: जपानी ग्रँड सायको, चावीचं एसबीजीडब्ल्यू२३१. ३७.३ मिमी, एकदा पूर्ण चावी दिली की ७२ तास चालतं. किंमत तुमच्या बजेटच्या काठावर जाईल. त्याच्या केसचं पॉलिश भिंगाखाली बघण्यासारखं आहे. आरशासारखा सपाट भाग आणि रेघारेघांचा खरखरीत भाग जिथे मिळतात ती कड इतकी सरळ असते की बोट फिरवावंसं वाटतं. झारात्सू पॉलिश म्हणतात ते हेच. फिरत्या चकतीवर केस हाताने धरून करतात, आणि हात जरा हलला की कड गोल होते. याच किमतीत काटे आणि डायलवरच्या तासांच्या पट्ट्या इतक्या बारकाईने घडवणारं दुसरं कुणी माझ्या तरी पाहण्यात नाही. फक्त जाडी ११ मिमीच्या वर आहे, तेवढं बाहीचं बघा.

दोन्ही चामड्याच्या पट्ट्यावर आणि पाणी रोखण्यात फक्त ३० मीटरची आहेत. पावसातल्या दुचाकीसाठी दोन्ही नाहीत.

मुळशीचा_पाऊस

मग पावसाचं सांगतो. ग्रँड सायकोचंच क्वार्ट्झ बघा, ९एफ मशीनचं. ३७ मिमीत स्टीलच्या पट्ट्यासह मिळतं, १०० मीटरचं आहे. सेलवरचं म्हणून कारागिरीत कमी धरू नका. वर्षाला फार तर १० सेकंद मागेपुढे होतं. सेकंदकाटा प्रत्येक ठोक्याला बरोबर रेघेवर येऊन थांबतो, थरथरत नाही. एरवी क्वार्ट्झ मशीनला जड काटे झेपत नाहीत म्हणून कंपन्या हलके, पत्र्याचे काटे लावतात. इथे मशीनच असं केलंय की चावीच्या घड्याळाइतके भरीव काटे ते ओढतं. चावी विसरायची चिंता नाही, सोमवारी उचलून घातलं की वेळ बरोबर.

पायाभरणी

रोलेक्सची बाजू मांडतो, कारण ते नुसतं नाव आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पाणी आत जाऊ न देणारी ऑयस्टर केस त्यांनी १९२६ साली आणली. आज त्यांचं प्रत्येक घड्याळ दिवसाला दोन सेकंदांच्या आत तपासून बाहेर पडतं, तर स्विस क्रोनोमीटरच्या (अचूक घड्याळाच्या) प्रमाणपत्राला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. त्यांचं कौशल्य आहे ते लाखो घड्याळं एकाच दर्जाची काढण्यात. पण मागचं झाकण बहुतेक मॉडेलांना बंदच असतं, त्यामुळे तुम्हाला जे बघायचंय ते दिसणारच नाही. शिवाय नवं घ्यायचं तर चार लाख कमी पडतील, आणि मागणीची मॉडेलं दुकानात गेलं की लगेच हातात पडत नाहीत.

मी बांधकाम व्यवसायात आहे. आमच्याकडे पहिल्या भेटीत समोरच्याची नजर मनगटावर जाते, आणि ओळखीचं घड्याळ असलं की बोलणं जरा सोपं होतं. त्या कामासाठी घेतलेल्या घड्याळाला मी खोटं म्हणणार नाही. तुम्हाला तुमच्या नोकरीत ते काम करून घ्यायचं आहे का, एवढं ठरवा. नसेल, तर त्या नावाचे पैसे तुम्ही का मोजायचे?

वेताळटेकडी

बजेटबाहेरचं एक नाव घेतो, कारण कारागिरी आवडणाऱ्याने ते एकदा तरी हातात घ्यावं: जेजेर-लकूल्त्रचं रिव्हर्सो. आपल्याकडे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून पूर्ण केस उलटी फिरवता येईल असं घड्याळ १९३१ मध्ये काढलं. ती केस सरकवून उलटवताना शेवटी जो 'टक्' आवाज येतो, तो ऐकाच. वापरलेलं घेणार असाल तर मूळ कागद आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी असल्याशिवाय पैसे देऊ नका.

साधासुधा

मला वाटतं चार लाख कशाला? जुनं फेवर-ल्युबा किंवा एचएमटी पायलट शोधा. फेवर-ल्युबा ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली, आपल्या आजोबांच्या पिढीचं घड्याळ. ऑनलाइन दहा हजारांच्या आत मिळतात.

कासवगती

@साधासुधा, भावना पटते, पण औंधकर, जपून. ऑनलाइन दिसणाऱ्या अशा घड्याळांत डायल नव्याने रंगवलेली फार असतात. जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात, आणि त्यात कौतुक नसतं. कंपनीने कधी न काढलेला भडक केशरी किंवा पोपटी रंग, जाडसर आणि किंचित तिरकी अक्षरं, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून बसवलेलं मशीन, पॉलिश करून करून कडा गोल झालेली केस. तुम्हाला छपाई आणि कडाच बघायच्या आहेत, आणि तिथे नेमक्या त्याच गेलेल्या असतात. जुनं घ्यायचंच तर ओळखीच्या कुटुंबातून घ्या, डायल डागाळलेलं असलं तरी चालेल. जनता तर तुमच्याकडे घरचीच आहे. तिचं ऑइलिंग करून घ्या, पण डायलला हात लावू देऊ नका.

मुळशीचा_पाऊस

सर्व्हिसिंगचा खर्चही आधीच धरा. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ पाच-सात वर्षांनी उघडून साफ करावं लागतं. कंपनीचं स्वतःचं मशीन असेल तर ते कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जातं, आणि वेळ लागतो. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागेल, सोबत ठेवा.

औंधकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुकानात जाऊन तीनही घालून पाहिली.

ग्रँड सायकोच्या डायलवरच्या पट्ट्या दुकानातल्या दिव्याखाली अक्षरशः पेटल्यासारख्या दिसत होत्या, आणि कडेबद्दल कासवगती म्हणाले ते तंतोतंत खरं आहे. पण माझ्या शर्टाच्या बाहीत ते अडकलं. क्वार्ट्झवालं सगळ्यांत निर्दोष वाटलं, पण मागून बंद. टँगेंटे बाहीखाली सहज गेलं. लग (पट्टा अडकवायचे केसचे पाय) लांब असल्यामुळे ३५ मिमीचं असूनही माझ्या मनगटावर लहान वाटत नाही. मागची काच वर करून बॅलन्स व्हील, म्हणजे मशीनमधलं मागेपुढे हलणारं चाक, बघत बसलो, शेवटी विक्रेत्याने आणून ठेवलेला चहा गार झाला. तेच घेतोय. बजेटच्या बऱ्याच आत बसतंय. 'कुठल्या कंपनीचं' असं विचारलंच कुणी, तर निळ्या काट्यांचं सांगायला मला आवडेल. पावसाळ्यात दुचाकीवर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घालीन.

एक शंका: जनताला वडील रोज सकाळी चावी द्यायचे. याला तसंच करायचं का, की थांबल्यावरच द्यायची?

कासवगती

अभिनंदन! हो, तसंच करा. साधारण ४३ तास चालतं, पण स्प्रिंग सैल होत आली की वेळ जरा बिघडते, म्हणून रोज ठरावीक वेळी द्या. मनगटावर असताना देऊ नका, चावीच्या दांड्यावर तिरका ताण येतो. काढून हातात धरा, हळू फिरवा, अडल्यासारखं वाटलं की थांबा. आणि पट्टा कॉर्डोव्हन चामड्याचा असेल, तर पाण्याचा थेंब पडला की लगेच टिपा. त्यावर डाग पटकन उठतात.