वंशावळ मंडळाची बैठक कशी घ्यावी? मदत हवी आहे

आमच्या वंशावळ मंडळात पंधराएक जण महिन्यातून एकदा जमतो. गेल्या वेळी एका काकांनी तक्त्याची गुंडाळी उलगडली, ती टेबलावरून खाली लोंबली आणि पुढचा तासभर फक्त त्यांचंच घराणं! बाकीचे मोबाइलमध्ये. माणूस गोड, थांबवणार कोण? पाच पिढ्या मागे गेलं की त्या एका पिढीतच ३२ पूर्वज, म्हणजे विषय संपायचा नाहीच. सगळ्यांच्या हाताला काम मिळेल असं काय ठेवता तुम्ही? जुन्या फोटोंतली माणसं ओळखणं जमेल का?

आणखी एक. दोघांच्या गेडकॉम फाइली (वंशावळीची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेता येते त्या फाइली) एकत्र केल्या, तर एकच आजी दोनदा आली, माहेरच्या नावाने आणि सासरच्याही. अशा जोड्या हाताने शोधायच्या की सोपी युक्ती आहे?