आणीबाणीतली ती भीती: धास्ती, दहशत की वचक?

पाणवठा
नमस्कार मंडळी. आणीबाणीवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय आणि एका शब्दावर अडलेय. लेखात सारखं 'पब्लिक अँग्झायटी' येतं. म्हणजे २५ जून १९७५ नंतर साध्या माणसांच्या मनात जे होतं ते, तुरुंगात गेलेल्यांचं नाही, घरीच राहिलेल्यांचं. मी 'लोकांच्या मनातली धास्ती' केलं. संपादकांनी ते खोडून 'सार्वजनिक चिंता' केलं, जे मला वाचवत नाहीये. चिंता पावसाची असते, मुलांच्या फीची असते. दुसऱ्या एका जाणकारांना विचारलं तर ते म्हणाले धास्ती कसली, सरळ 'दहशत' लिहा, दहशतच होती ती. पण लेखातल्या प्रसंगांत कोणी कोणाला धमकी दिलेली नाही, फक्त शेजारी बोलता बोलता आवाज खाली आणतो, पत्रातून राजकारण गायब होतं, वाचनालयात कोण कुठला पेपर वाचतंय याकडे लोक बघायला लागतात. तर तेव्हा कळत्या वयात असलेल्यांनी सांगा, तुमच्या घरात या गोष्टीला काय म्हणायचे? आत्ता सुचलेला शब्द नको, तेव्हाचा हवा.

जुनाबाजार
क्रियापदं बघा म्हणजे उलगडेल. दहशत कोणीतरी 'बसवतं', 'पसरवतं', करणारा लागतोच. धास्ती माणूस स्वतः 'घेतो'. 'त्याने धास्ती घेतली' म्हटलं की निम्मा दोष त्या बिचाऱ्यावरच येतो, उगाच घेतली असा वास येतो त्याला. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय अटकेत ठेवायच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केलेल्यांचा आकडा ३४,९८८ आहे आणि भारत संरक्षण नियमांखालचे धरले तर एकूण एक लाखाच्या वर जातो. एवढी माणसं उचलल्यावर बाकीच्यांनी जी 'घेतली' ती धास्ती म्हणायची? माझं मत दहशत.

पाणवठा
क्रियापदाचा मुद्दा एकदम पटला, पण मग धास्ती 'बसते' पण ना? 'मला त्या आवाजाची धास्ती बसली'. तिथे दोष कुठाय?

रुळावरून
आमचे वडील रेल्वेत होते, त्यांचा शब्द एकच, 'वचक'. गाड्या वेळेवर, माणसं कामावर वेळेवर, साठेबाजांवर धाडी, सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाचे बोर्ड जिकडे तिकडे. ते आजही म्हणतात तेव्हा वचक होता. आता हा पण लोकांच्याच तोंडचा शब्द आहे, तोही नोंदवा, सगळ्यांना नुसती भीतीच वाटत होती असं नाही.

जुनाबाजार
रुळावरून, वचक हा ज्याच्या बाजूने असतो त्याचा शब्द आहे. मास्तरांचा वर्गावर वचक असतो हे मास्तर सांगतात, मुलं नाही सांगत. तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून म्हणतो, गाडी वेळेवर आली हे त्यांना दिसलं कारण ते पेपरात छापायला परवानगी होती. संप केला म्हणून १९७४ मध्ये त्याच रेल्वेतल्या हजारो लोकांना अटक झाली होती, त्या घरांत कुठला शब्द होता तेही विचारा.

रुळावरून
७४ च्या संपात वडील स्वतः होते. म्हणून तर सांगतोय. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात असू शकतात, संपही केला आणि नंतर वचक होता असंही म्हणाले. माणूस असा सरळ रेषेत नसतो हो.

वर्धेकडचा
आमच्या इकडे 'भेव'. पण घरात खरा शब्द तोही नव्हता, 'जीप आली' हाच शब्द होता. नसबंदीची. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना केसेस आणायचं टार्गेट होतं, 'केस'च म्हणायचे, माणूस नाही म्हणायचे, 'मास्तरच्या दोन केसा कमी पडल्या' असं. लांबून जीप दिसली की गावातली बापे माणसं तुरीत जाऊन बसायची, माझा काका पण. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात पास केलं होतं, राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून कायदा झाला नाही. नंतर कितीतरी वर्षं आमची आजी कुठलीही सरकारी गाडी दिसली की म्हणायची 'जीप आली'. पोलिओवाले आले तरी. पाणवठाताई, हे 'चिंता'मध्ये कसं बसवता येईल सांगा मला.

पाणवठा
वर्धेकडचा, हे फार मोलाचं आहे. 'धसका' चालेल का इथे? जीपचा धसका.

वर्धेकडचा
धसका जवळ आहे. धसका एकदा बसला की राहतो, कारण संपलं तरी राहतो. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली पण आजीची नाही उठली.

शुद्धलेखणी
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारतो, 'आणीबाणी' या शब्दाचा एवढा उत्तम वापर आपण करतो आणि बाकी सगळीकडे सेन्सॉर, टार्गेट, केस! सेन्सॉरला 'अभ्यवेक्षण' आहे, नाटकांसाठी तर 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ' असं सरकारी मंडळच आहे. आणि 'दहशत' हा फारसीतून आलेला, तो टाळून 'भय' का नको?

मांडवीकाठ
परिनिरीक्षण मंडळातून नाटक पास करून घेणारे नाटकवालेसुद्धा 'सेन्सॉरला दिलंय' म्हणतात, मी त्यात काम केलंय म्हणून सांगते. अभ्यवेक्षण म्हटल्यावर भीती वाटते का कोणाला? सेन्सॉर म्हटल्यावर वाटते. आमच्या गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझारच्या काळात वर्तमानपत्रावर छापलेलंच असायचं 'विझादु पेला सेन्सुरा', म्हणजे सेन्सॉरने तपासलेलं. माझे वडील १९७५ मध्ये मुंबईचे पेपर वाचताना म्हणायचे की निदान पोर्तुगीज शिक्का मारून सांगत होते. इथे तर अग्रलेखाची जागा कोरी सोडलेलीही चालत नाही म्हणे. मुक्ती मिळून चौदा वर्षंच झाली होती तेव्हा, त्या पिढीला ती भीती ओळखीची होती. घरात शब्द 'भंय'. त्याला कोंकणीत वेगळा जड शब्द काढायची गरजच पडली नाही.

शुद्धलेखणी
भंय म्हणजे भयच की! माझंच म्हणणं सिद्ध झालं. आणि तसं बघितलं तर 'लोकशाही'तली 'शाही' पण फारसी, निजामशाही, आदिलशाही यांच्याच रांगेतली. लोकांच्या राज्याला आपण शहांचं शेपूट का लावलं कळत नाही. 'लोकसत्ता' किंवा 'लोकराज्य' हवं होतं.

जुनाबाजार
शिवशाही पण काढून टाकायची का मग? शुद्धलेखणी, तुमचं भाषेवरचं प्रेम दिसतं पण भारतीय संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'लोकशाही गणराज्य' असं आहे, शाही फारसी आणि बाकी संस्कृत, शेजारी शेजारी नांदतायत. उलट मला आत्ता खटकतं ते वेगळंच, मराठी बातम्यांत 'लोकतंत्र' घुसलंय हिंदीतून. आणीबाणीतल्या बंदिवानांना सरकारी मानधन सुरू झालं तेव्हापासून 'लोकतंत्र सेनानी' ऐकतोय. तंत्र म्हटलं की मराठी माणसाला टेक्निक आठवतं.

सयाजीबाग
बडोद्याहून लिहितोय. गुजरातीत आणीबाणीला 'कटोकटी' म्हणतात आणि लहानपणी मला वाटायचं दोन्ही वेगळ्या घटना आहेत 😀 कारण आमच्याकडे जून ७५ ला बाबुभाई पटेलांचं जनता मोर्चाचं, म्हणजे काँग्रेसविरोधकांचं, सरकार होतं, ते मार्च ७६ पर्यंत टिकलं, त्यामुळे सुरुवातीचे महिने गुजरातमध्ये बरीच मोकळीक होती. पुण्याची आत्या दिवाळीला आली होती, ती आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने बोलायची आणि म्हणायची इथे बरं वाटतं. म्हणजे तिकडे बरं वाटत नव्हतं, यापलीकडे तिने काही नाव दिलं नाही. मग सरकार पडलं, सरकारविरोधात स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाचं डायनामाइट प्रकरण निघालं, बडोद्याचंच नाव त्याला लागलं, आणि आमचे बाबा ओट्यावरून घरात बोलवायला लागले. 'आत या, आत बोलू.' आमच्या घरातला तेव्हाचा शब्द विचाराल तर हाच आहे.

पाणवठा
म्हणजे नाम नाहीच, वाक्यच आहे. मला वाटतं लेखात मी एकच मराठी शब्द शोधत बसले तेच चुकतंय का काय? पण इंग्रजीत तो शब्द सोळा सतरा वेळा आलाय, दर वेळी वेगळं केलं तर संपादक म्हणणार संज्ञा एकसारखी ठेवा.

खीळ
संपादकांना सांगा संज्ञा राजकीय कलमांसाठी एकसारखी ठेवतात, माणसांच्या भीतीसाठी नाही.
बाकी 'आणीबाणी'बद्दल. संस्कृतात 'आणि' म्हणजे चाकाच्या आसाची खीळ, ऋग्वेदात आहे. खीळ निसटली की चाक जातं. माझ्या मते आणीबाणीची वेळ म्हणजे खीळ निसटायची वेळ.

तूर्तास
खीळभाऊ, आणि 'बाणी'चं काय? ती कुठली खीळ? हे अटीतटी, अडीअडचण, शेजारीपाजारी यांसारखं जोडशब्द असणार, दुसरा भाग नादासाठी. मी बेळगावचा, आमच्याकडे कन्नडमध्ये आणीबाणीला 'तुर्तु परिस्थिती'. हा 'तुर्तु' आपला तूर्तच. आपल्याकडे तूर्त म्हणजे सध्यापुरतं, तिकडे म्हणजे तातडीचं. आता एकवीस महिने चाललेल्या गोष्टीला कुठला तूर्त लावायचा बघा.

खीळ
नादासाठी म्हणून सोडून देणं सोपं असतं. 'शेजारीपाजारी'त पाजारीला अर्थ नाही हे मान्य, पण आणीबाणीत पहिलाच भाग अनोळखी आहे, त्याचा उगम सांगितल्याशिवाय तुमचं म्हणणं पुरं होत नाही.

तूर्तास
आणि आसाची खीळ बैलगाडीवाल्यांच्या तोंडी 'आणी' म्हणून कधी ऐकलीत तुम्ही? आमच्या घरी गाडी होती, मी नाही ऐकली.

सायंशाखा
माझ्या पुतण्याने परवा मला ठासून सांगितलं की आणीबाणी हा शब्द ७५ साली सरकारने काढला. मी म्हटलं बाबा, १९६२ मध्ये चीनच्या युद्धात आणीबाणी होती, ती ६८ पर्यंत होती, डिसेंबर ७१ मध्ये परत लागली आणि ७५ ची लागली तेव्हा ७१ ची अजून उठवलेलीच नव्हती. त्या आधीपासून आमच्या घरी दूध नासलं आणि पाहुणे दारात असले की आई म्हणायची 'आणीबाणीची वेळ आलीय'. ७५ नंतर तिने हा शब्द स्वयंपाकघरात वापरणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. सवयीने तोंडात यायचा आणि थांबायची. पाणवठा, तुम्ही विचारलंत ना तेव्हाचा शब्द कुठला, आमच्याकडे एक शब्द कमी झाला. तुमच्या लेखात ही नोंद जाईल का बघा.

जुनाबाजार
सायंशाखा, हे वाचून दहशतीचा आग्रह जरा सैल झाला माझा. पण चिंता तरीही नाही.

कृष्णाकाठ
कराडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनाला मी वडिलांचं बोट धरून होतो. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा केंद्रात मंत्री. इंदिरा गांधींच्या विरोधातल्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण मुंबईला आजारी होते, त्यांना बरं वाटावं म्हणून दुर्गाबाईंनी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितली. मला आठवतं ते एवढंच की उठताना वडिलांनी आधी डावीउजवीकडे बघितलं आणि मग उठले. सगळेच बघत होते. या बघण्याला काय म्हणाल? धास्ती म्हणावं तर ते उठले. निर्भय म्हणावं तर आधी बघितलं. मला 'धाकधूक' जवळचा वाटतो, धाकधूक असूनही माणूस करतो.

पाणवठा
धाकधूक मी करून बघितला होता, पण तो निकालाच्या दिवशीचा वाटतो, एक दोन दिवसांचा. एकवीस महिने धाकधूक?

कृष्णाकाठ
निकालाचीच वाट बघत होते की लोक. १८ जानेवारी ७७ ला निवडणुका जाहीर झाल्या तेव्हाही आमच्या गल्लीत कोणी मत कुणाला ते बोललं नाही, मार्चमध्ये रायबरेलीचा निकाल आल्यावर, इंदिराबाई पडल्यावर, एकदम सगळे बोलायला लागले.

शुद्धलेखणी
विनोबांनी आणीबाणीला म्हटलेलं 'अनुशासन पर्व' कसं विसरलात? पवनारच्या त्यांच्या आश्रमातून आलेला शब्द, सरकारने भिंतीभिंतीवर लावला. मराठीत अनुशासन म्हणतच नाहीत, शिस्त म्हणतात, आणि शिस्त परत फारसी! म्हणून तो शब्द इथे परकाच राहिला.

वर्धेकडचा
पवनार आमच्यापासून जवळ. विनोबांनी पुढे स्वतःच फोड करून सांगितली होती, शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. पण तोपर्यंत भिंती रंगवून झाल्या होत्या. लोकांना जे भिंतीवर दिसलं तोच अर्थ झाला. विनोबांवर प्रेम करणाऱ्या माणसांना त्या शब्दाने फार त्रास झाला, माझ्या वडिलांना अजून होतो.

रुळावरून
बरोबर आहे. भूदानातल्या लोकांची दोन्हीकडून ओढाताण झाली.

तूर्तास
बाय द वे कोणी सांगेल का, ४४ व्या घटनादुरुस्तीने ३५२ कलमातली, म्हणजे आणीबाणी लावायच्या कलमातली, 'अंतर्गत अशांतता' काढून जे घातलं त्याला मराठीत 'सशस्त्र बंड' म्हणावं की 'सशस्त्र उठाव'? माझ्या दृष्टीने हाच खरा महत्त्वाचा शब्द आहे, कारण अशांततेत काहीही बसत होतं, मोर्चासुद्धा.

खीळ
उठाव. बंडात निष्ठा मोडल्याचा आरोप आधीच आलेला असतो, १८५७ ला इंग्रज म्हणाले बंड, आपण म्हणालो उठाव किंवा स्वातंत्र्यसमर.

जुनाबाजार
नेमकं म्हणूनच कलमात 'बंड' हवं! कायदा सरकारच्या बाजूने बोलतो. आणि तूर्तास, तुम्ही 'घटनादुरुस्ती' म्हणालात ते बरं वाटलं, हल्ली सगळे संविधान संविधान करतात आणि पोरांना 'घटना' म्हणजे फक्त अपघाताची बातमी वाटते.

मांडवीकाठ
संविधान म्हणण्यात काय वाईट आहे? मराठी प्रतीच्या मुखपृष्ठावर 'भारताचे संविधान'च आहे. वस्तीवस्तीत, मोर्चात, भीमजयंतीला लोकांनी तो शब्द आपला केलाय, घटना हा वकिलांचा आणि अग्रलेखांचा होता.

जुनाबाजार
'घटनेचे शिल्पकार' हे बाबासाहेबांबद्दल त्याच वस्त्यांतून मी लहानपणापासून ऐकलंय, अग्रलेखातून नाही. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पाणवठा
मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. वर्धेकडचा, 'जीप आली' तळटीप म्हणून वापरू का, गावाचं नाव न घालता? आणि सायंशाखा, तुमच्या आईचं पण.

वर्धेकडचा
वापरा. पण तळटीपेत नको, वर घ्या.

शुद्धलेखणी
तळटीपेला 'पदटीप' पण म्हणतात.