खंडेनवमीनंतर काम नव्यानं सुरू करायचं आहे. तुम्ही कसं करता?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलं, आता दोन लेथ आणि एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन, ग्लँड, एंड कव्हर असलं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट करून द्यायचे. काम भरपूर आहे, देवाच्या दयेनं त्याची तक्रार नाही. पण गेलं वर्षभर कामात जीव लागत नाही. पूर्वी नवा जॉब आला की पहिला पीस मी स्वतः काढायचो. व्हर्नियर लावून माप बरोबर आलं की दिवस चांगला जायचा. आता सकाळी शटर वर केल्यापासून "गाडी येणार आहे, जॉब तयार ठेवा की" हे फोन, आणि संध्याकाळी मी पार्ट्यांकडे बिलाच्या मागे. एका मोठ्या पार्टीकडं तर पावसाळ्याच्या आधीचं बिल अजून अडकलंय.

खंडेनवमीला मशीनं धुतो, झेंडू बांधतो, कोहळा फोडतो. दसऱ्याला सोनं वाटतो. एकादशीला शटर उघडलं की तेच फोन. यंदा काहीतरी खरंच बदलावं असं फार वाटतंय. जॉबवर्क सोडून स्वतःचं प्रॉडक्ट काढू? आणखी एक सीएनसी घेऊ? की रविवारबरोबर शनिवारचीही अर्धी सुट्टी सुरू करू? ज्यांनी आपल्या धंद्यात असं केलंय त्यांनी सांगा.

शहापूरची शिलाई
दादा, माझं घरातच ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम. माझी नवी सुरुवात पाडव्यालाही नसते, दसऱ्यालाही नसते, ती असते पितृपक्षात. त्या पंधरवड्यात कुणी नवं कापड टाकत नाही, हात मोकळा असतो. घट बसले की गर्दी, मग दिवाळी, आणि तुळशीचं लग्न झालं की नवरीचे ब्लाऊज. तेव्हा बदलायला सवड कुणाला?

आधी अर्धवट राहिलेल्या कापडांची पिशवी काढते. प्रत्येक बाईला फोन करते, कुणाला मराठीत, कुणाला कन्नडमध्ये: न्यायचंय का, फिटिंग बदलायचंय का, की नकोच आहे? पिशवी रिकामी झाली की डोक्यावरचं ओझं उतरतं. ज्याचं उत्तर द्यायचं राहिलंय तेच माणसाला दमवतं, शिवण नाही दमवत.

मग मशीन. सुईखालची पट्टी उघडली की दात्यांच्या मध्ये धाग्याचा भुगा इतका दाबून बसलेला असतो की सुईच्या टोकानं उचकटावा लागतो. तो काढून, बॉबिन केस ब्रशनं साफ करून दोन थेंब तेल घातलं की मशीनचा आवाजच बदलतो.

आणि भाव मी तेव्हाच बदलते. हातात जुनी ऑर्डर नसते, त्यामुळे वाद होत नाही. गिऱ्हाईक कापड घेऊन उभं असताना भाव वाढवला तर ते बरोबर दिसत नाही. तुमच्या धंद्यातला असा मोकळा पंधरवडा कुठला, ते आधी शोधा. खंडेनवमी पूजेची आहे, ती पूजेलाच राहू द्या.

खानापूरचा भट्टीवाला
बाळा, मी फाउंड्रीत मेल्टिंगला होतो, आता रिटायर. तुझे तिन्ही प्रश्न वाचले. त्यातला एकही आत्ता हातात घेऊ नकोस. का ते सांगतो.

इंडक्शन भट्टीला, म्हणजे विजेच्या कॉइलनं धातू वितळवायच्या भट्टीला, आतून सिलिका रॅमिंग मासचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या सिलिकाच्या भुकटीचं लायनिंग असतं. रोजच्या हीटनं, म्हणजे धातूच्या एकेका वितळणीनं ते झिजत जातं, एका मर्यादेपलीकडं गेलं की फोडावंच लागतं, नाहीतर धातू कॉइलपर्यंत पोचेल. पण गरम भट्टीचं लायनिंग फोडता येत नाही, आधी भट्टी थंड व्हायला लागते. मालकाला ते थांबणं जड जातं, ऑर्डर डोक्यावर असते. तरी थांबावंच लागतं. मग जुनं सगळं उकरून काढायचं. जुन्याचा थर तसाच ठेवून वरून नवं ठोकलं तर ते धरत नाही.

नवं ठोकून झालं तरी पहिल्याच हीटला जोर लावायचा नाही. हळूहळू तापवायचं. आधी ओलावा जाऊ द्यायचा. पुढं ५७३ अंशांपाशी सिलिकातल्या क्वार्ट्झचं रूप बदलतं, ते फुगतं. तिथं घाई केली की चीर पडते. आमचा एक जुना मिस्त्री त्या वेळेला कुणालाही पॅनलला हात लावू द्यायचा नाही. स्वतः स्टूल टाकून बसायचा. शेवटी पहिला धातू वितळवून जास्त तापमानाला काही वेळ धरून ठेवायचा, म्हणजे आतला थर पक्का होतो. त्यानंतरच प्रॉडक्शन.

तुझंही तसंच आहे बघ. नवी सीएनसी घेतलीस तर तिचा हप्ता येणार, म्हणजे फोन आणखी वाढणार. प्रॉडक्ट काढायचं तर निदान एक वर्ष दोन्ही दगडांवर पाय. आधी तुझ्या अंगावर काय काय साचलंय ते उकर. मला तरी दिसतं ते हे की तू मिस्त्री होतास, आता वसुलीवाला झालायस. पुन्हा लेथपाशी कसा जाशील तेवढं बघ. आठवड्यातून एक सकाळ फोन दुसऱ्याच्या हातात दे आणि नव्या जॉबचा पहिला पीस तू काढ. दिवाळीपर्यंत एवढंच कर.

हिशेबवाली, निपाणी
काकांचं मनापासून पटलं. वसुलीचं मी सांगते, माझं रोजचं काम तेच. दसरा साधारण सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये येतो, म्हणजे आर्थिक वर्षाचं अर्ध संपलेलं किंवा संपत आलेलं असतं. वसुलीला नव्यानं लागायला ही वेळ अगदी योग्य. तुमच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे का? नसेल तर या आठवड्यात करा. सरकारी साइटवर आधार आणि पॅनवर होते, फी नाही. एजंटला पैसे देऊ नका.

कारण असं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही नियम आला: मुदत उलटलेलं असं बिल खरेदीदार ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकतं करेल, त्याच वर्षी त्याला तो खर्च दाखवता येतो. म्हणजे ३१ मार्चला तुमचं बिल थकलेलं राहिलं तर त्या वर्षीचा त्याचाच टॅक्स वाढतो. मोठ्या पार्टीच्या अकाउंट्सवाल्याला हे नीट माहीत असतं, फक्त तुमची नोंदणी आहे हे त्याला कळायला हवं. भांडायला जावं लागत नाही. हा नियम माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, जॉबवर्क त्यात येतं. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांना तो लागू नाही.

उद्यमबागकर
ताई, काका, शिलाईताई, तिघांचे मनापासून आभार. वडिलांनाही वाचून दाखवलं. लायनिंगचं ऐकल्यावर ते लगेच म्हणाले, "बरोबर सांगायलेत."

ठरवलं ते असं. सीएनसी यंदा नाही. घट बसायच्या आत बंद पडलेल्या जॉबची ड्रॉइंगं आणि कोपऱ्यात पडलेले रिजेक्ट पीस निकालात काढतो, ज्यांचे आहेत त्यांना फोन करून. बुधवारी सकाळी फोन धाकट्या भावाकडे, मी लेथवर. शनिवारचा विचार दिवाळीनंतर. उद्यम नोंदणी वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे फर्मच्या पॅनवर, पण बिलावर कुठं लिहिलेलं नाही. ते छापून घ्यायला लागतं का?

हिशेबवाली, निपाणी
छापून घ्या. बिलावर नंबर आणि "सूक्ष्म" की "लघु" ते स्पष्ट लिहा. सर्टिफिकेटची कॉपी प्रत्येक पार्टीच्या अकाउंट्सला मेल करा, मेल जपून ठेवा. फर्मच्या पॅनवर नोंदणी असेल तर बिलही त्याच नावाचं हवं, तेवढं आज तपासा. जुन्या बिलांची तारखेवार यादी केलीत की इथे टाका, पार्टीचं नाव न लिहिता. व्याज कसं काढायचं ते दाखवते.